शिट्टी एनबीएची आणि कॉलेजची

एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे, पंच पूर्णवेळ नोकरीतले. अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलचे बहुतेक पंच मात्र सामन्यागणिक मानधनावर. आज एक कॉन्फरन्स (आपसांत खेळणाऱ्या कॉलेजांचा गट), उद्या विमान पकडून दुसरीच. मग प्रतिस्पर्ध्याच्या कंबरेवरचा हात मंगळवारी खपतो आणि गुरुवारी फाउल ठरतो. वर कॉलेजात पाचव्या फाउललाच खेळाडू बाहेर, एनबीएत सहाव्याला. म्हणजे चुकीची शिट्टी महागात पडते ती कॉलेजातच!

चुरशीच्या सामन्यांतल्या शेवटच्या दोन मिनिटांतल्या चुका एनबीए २०१५पासून जाहीर करते. मला हे पटतं.

धडकेत चूक बचावपटूची (ब्लॉक) की आक्रमकाची (चार्ज), यावर मात्र दोन्हीकडे बोंब. पुरुषांच्या कॉलेज सामन्यांत २०२३-२४पासून आक्रमकाने उडीसाठी पाऊल रोवण्याआधी बचावपटू जागेवर हवा. आता पंचाने एकाच क्षणी दोघांचे पाय बघायचे, धडक छातीवर बसली की खांद्यावर तेही बघायचं.