खारा वारा, छोटी होडी आणि ‘द विंड वेकर’

‘द लेजंड ऑफ झेल्डा’ ही निन्टेन्डो या कंपनीची व्हिडिओ गेम मालिका १९८६ साली जपानमध्ये सुरू झाली आणि तिचे नवे भाग अजूनही येत आहेत. त्यांतला ‘द विंड वेकर’ हा भाग डिसेंबर २००२ मध्ये जपानमध्ये गेमक्यूब या कन्सोलसाठी प्रसिद्ध झाला. मी तो नुकताच निन्टेन्डोच्या स्विच २ या कन्सोलवर पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा खेळलो. त्या काळातले वास्तवदर्शी म्हणवले गेलेले बहुतेक गेम आज पाहवत नाहीत, चेहरे लाकडी वाटतात आणि भिंतींवरची चित्रे फाटल्यासारखी दिसतात. हा गेम मात्र काल रंगवून वाळत ठेवल्यासारखा दिसतो. त्याचे श्रेय ज्या कार्टून शैलीला आहे, त्याच शैलीसाठी त्याला एकेकाळी फार बोल लागले होते.

२००० साली निन्टेन्डोने आपल्या प्रदर्शनात मालिकेचा नायक लिंक आणि खलनायक गॅननडॉर्फ यांच्या तलवारबाजीची एक वास्तवदर्शी झलक दाखवली होती, आणि पुढचा झेल्डा तसाच असेल असे चाहत्यांनी मनाशी धरले होते. पुढच्याच वर्षी प्रत्यक्ष गेमची दृश्ये आली, तेव्हा पडद्यावर मोठ्या डोळ्यांचा, आखूड पायांचा एक पोरगा धावत होता. मालिकेचा पोरखेळ केला, अशी ओरड झाली. दिग्दर्शक एइजी आओनुमा आणि त्यांच्या चमूने तरीही सपाट रंगांची, ठळक छायांची ही शैली सोडली नाही. खेळून पाहिल्यावर कळते की ही शैली केवळ वरून चढवलेला रंग नाही, सगळा गेमच तिच्या आधाराने चालतो. लिंक एकही शब्द बोलत नाही. बोलतात ते त्याचे डोळे. खोलीत शिरताच त्याची नजर एखाद्या कोपऱ्याकडे वळली, तर तिथे काहीतरी आहे असे खुशाल समजावे. शत्रू दबा धरून बसला असेल तर आपल्या आधी तो लिंकला दिसतो. वारासुद्धा इथे डोळ्यांना दिसतो, कारण आकाशात पांढऱ्या वेलांट्या उमटतात आणि विरतात. वास्तवदर्शी चित्रणात या खुणा शोभल्या नसत्या.

कथेची सुरुवात आउटसेट नावाच्या लहानशा बेटावर होते. लिंकचा वाढदिवस आहे. प्राचीन वीराच्या वयाला पोचलेल्या मुलाला त्या दिवशी हिरवे कपडे घालण्याची बेटावर रीत आहे, आणि आजीने ते शिवून ठेवलेले असतात. लिंकला ते फारसे आवडत नाहीत, पण आजीचे मन मोडू नये म्हणून तो अंगात चढवतो. धाकटी बहीण ॲरिल आपली लाडकी दुर्बीण त्याला एका दिवसापुरती देते, आणि त्याच दुर्बिणीतून तो एका प्रचंड पक्ष्याला बेटाकडे येताना पाहतो. पक्षी ॲरिलला उचलून नेतो. तिला सोडवायला टेट्रा या चाचे मुलीच्या जहाजावरून निघायचे, तर ढाल हवी. घरातली पिढीजात ढाल भिंतीवर टांगलेली होती, म्हणून लिंक माडीवर जातो, तर भिंत रिकामी. खाली उतरून पाहावे तर आजी ती ढाल हातात घेऊन उभी असते. नातू जाणार हे तिने ओळखलेले असते, ती त्याला अडवत नाही. एकही घाव न घालता हा प्रसंग मनात घर करतो.

पुढे लिंकला लाल सिंहाच्या मुखाची एक बोलकी होडी भेटते आणि समुद्र खुला होतो. शीड मात्र ८० रुपींना विंडफॉल बेटावर विकत घ्यावे लागते. रुपी म्हणजे त्या जगातले नाण्यांसारखे वापरले जाणारे रंगीत खडे; नावामुळे मराठी खेळाडूला ते ओळखीचे वाटतात. समुद्राचा नकाशा उभ्या सात आणि आडव्या सात अशा ४९ चौकोनांचा आहे आणि प्रत्येक चौकोनात एक तरी बेट किंवा खडक आहेच. आमिष टाकले की एक बोलका मासा वर येतो आणि त्या चौकोनाचा नकाशा रंगवून देतो. वारा आठ दिशांपैकी एकीकडून वाहतो. शीड उभारून वारा पाठीशी घेतला तर होडी सुसाट निघते, तोंडावर घेतला तर रखडते. हाती वाद्यवृंद चालवणाऱ्याची छडी आली, की कंट्रोलरची कांडी वर, डावीकडे, उजवीकडे अशी तालात हलवून वाऱ्याला हवी ती दिशा देता येते. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे पाठ केलेल्या माझ्यासारख्याला आधी नैऋत्येचा वारा लावायचा आणि मग ईशान्येकडे शीड उभारायचे, या एवढ्याशा कृतीतही फार गोडी वाटते.

समुद्र फार मोठा आहे, प्रवासात वेळ जातो, ही तक्रार जुनी आहे आणि ती खोटी नाही. माझे मत मात्र निराळे आहे. एखादे बेट क्षितिजावर आधी ठिपक्याएवढे दिसते, मग त्याचा आकार उमटतो, मग झाडे, मग माणसे. मधल्या वेळात समुद्रपक्षी डोक्यावरून जातात, रात्र होते, उजाडते, आणि उजाडताना संगीत सावकाश पुन्हा सुरू होते. हा वेळ काढून टाकला तर बेटावर पाय ठेवण्याचा आनंदही जाईल.

लढाई सोपी आहे, पण तिच्यात लय आहे. तलवारीच्या प्रत्येक घावाला वाद्यांचा एक ठोका मिळतो. शत्रू वार करणार त्या क्षणी खूण दिसते, बरोबर वेळ साधून बटण दाबले की लिंक त्याच्या बगलेतून लोळण घेऊन मागे जातो किंवा डोक्यावरून उडी मारून उलट घाव घालतो. डार्कनट नावाच्या चिलखती योद्ध्याच्या पाठीवरचे बंद कापले की त्याचे चिलखत खळकन गळून पडते आणि मग तो हलका होऊन दुप्पट चपळाईने अंगावर येतो. असा एखादा शत्रू वगळला तर अनुभवी खेळाडूला मरणाचे भय फारसे वाटणार नाही, आणि मालिकेतल्या इतर भागांच्या मानाने भुयारेही थोडी आहेत.

खरा दोष उत्तरार्धात आहे. ट्रायफोर्स या जादुई त्रिकोणाचे आठ तुकडे समुद्रतळातून काढायचे, तर आधी आठ नकाशे शोधावे लागतात, आणि मग ते वाचून घेण्यासाठी टिंगल नावाच्या पात्राला प्रत्येकी ३९८ रुपी मोजावे लागतात. म्हणजे एकूण ३,१८४ रुपी. कथा अगदी ऐन रंगात आलेली असताना खेळाडूला खजिने उपसत पैसे जमवायला लावणे हा माझ्या मते रसभंग आहे. २०१३ साली वी यू कन्सोलसाठी आलेल्या एचडी आवृत्तीत ही चूक बरीच दुरुस्त केली आहे. तिथे आठपैकी पाच तुकडे थेट मिळतात, आणि विंडफॉलच्या लिलावात मिळणारे वेगवान शीड घेतले की वारा आपोआप पाठीशी येतो व होडीचा वेगही दुप्पट होतो. त्या आवृत्तीतला उजेड मात्र मला जरा जास्त झगमगीत वाटतो. मूळच्या सपाट रंगांनी डोळे अधिक निवतात.

तरीही ज्या दोन प्रसंगांसाठी मी हा गेम पुन्हा खेळेन, ते मूळ आवृत्तीतही तितकेच उत्कट आहेत. पहिला प्रसंग समुद्राखालचा. होडी पाण्यात खोल उतरते आणि समोर हायरूल या बुडालेल्या राज्याचा किल्ला उभा राहतो, सगळा कृष्णधवल, चिलखती योद्धे आणि राक्षस वार करता करता गोठलेले. लिंक मास्टर सोर्ड ही जादुई तलवार उपसतो, रंग परत येतो, आणि रंगाबरोबर ते शत्रूही जिवंत होतात. दुसरा प्रसंग गॅननडॉर्फचा. आपल्या वाळवंटी देशातला वारा दिवसा भाजून काढायचा आणि रात्री गारठवायचा, हायरूलवरून वाहणाऱ्या वाऱ्याचा मात्र मला हेवा वाटला, असे तो शांतपणे सांगतो. तोवर आपण शेकडो वेळा सहज वळवलेला वारा त्या क्षणी वेगळाच भासतो, आणि मालिकेतला हा खलनायक पहिल्यांदाच म्हातारा, थकलेला माणूस दिसतो.

स्विच २ वर हा गेम ५ जून २०२५ पासून उपलब्ध आहे. त्यासाठी निन्टेन्डोच्या ऑनलाइन सेवेचे वरच्या दर्जाचे सदस्यत्व लागते. मिळते ती मूळ गेमक्यूब आवृत्ती, त्यामुळे ३९८ रुपींचा हिशेब तिथे टळत नाही. पण हवे तिथे खेळ जतन करण्याची सोय असल्याने थोड्या थोड्या वेळात खेळणाऱ्यांची अडचण होत नाही. संवाद लेखी आहेत, त्यामुळे लहान मुलांसोबत खेळताना कोणीतरी शेजारी बसून ते वाचून, मराठीत सांगावे लागतात. माझ्या पुतणीला मी तसे सांगितले, तेव्हा पात्रांचे आवाज काढण्याचे काम तिने स्वतःकडे घेतले.

नव्या खेळाडूला एकच सांगणे आहे. समुद्र मोकळा झाला आणि बाटलीत एखादी परी सापडली, की कथा पुढे न रेटता आउटसेटला परत जा. आजी चुलीजवळ आजारी पडलेली असते, दोन्ही नातवंडांची नावे पुटपुटत. बाटली उघडून परी सोडली की ती बरी होते, उठते, आणि त्याच बाटलीत सूप भरून देते. ते प्यायले की शक्ती आणि जादू पूर्ण भरते, आणि अंगाला पहिला घाव लागेपर्यंत तलवारीचा मारा दुप्पट होतो. एका बाटलीत ते दोनदा पुरते.