दाढी पाच स्टार, टीव्हीपायी एक कापला

कोल्हापुरात शिवाजी पेठेत आमच्या गल्लीच्या तोंडाला एक सलून आहे. नाव लिहीत नाय, कारण खाली जरा तक्रारपण करायची आहे आणि रविवारी परत मामांच्याच हातात गळा द्यायचाय. पेठेतल्या लोकांना कळंल कुठलं ते, बाकीच्यांनी गल्लीत येऊन विचारावं, कोणपण सांगंल.

दोन खुर्च्या, एक लाकडी बाकडं, बाकड्याचा एक पाय हालतोय तो माझ्या लहानपणापासनं हालतोय. पहिल्या खुर्चीवर मामा, वय साठीच्या पुढं, दुसऱ्या खुर्चीवर त्यांचा पोरगा. कटिंग १००, दाढी ६०, मालिश करून घेतली तर वर काय द्यायचं ते तुमचं तुम्ही बघा. पोरगा फेड-बिड सगळं करतोय, हात चांगला आहे, कॉलेजची पोरं त्याच्याकडंच थांबतात. पण मी गेली वीस वर्षं मामांच्याच खुर्चीवर बसतोय. दाढी म्हणाल तर नाद खुळा. दोनदा फेस, उलटा हात एकदाच, शेवटी तुरटी, आणि मग गार पाण्याचा असा एक हात फिरवतात की रात्रपाळीची झोप जागेवर जाते. त्यात काय लिहायचं, पाच स्टार.

पण मी तिथं दाढीसाठी जातो असं म्हटलं तर बायको हसंल. घरात दोन रेझर पडल्यात. मी जातो बातम्यांसाठी.

हे जरा समजावून सांगायला पाहिजे. सलूनमध्ये पेपर एकच येतो आणि सकाळी साडेसातलाच त्याची पानं वेगळी होतात. पहिलं पान ज्याचा नंबर जवळ आलाय त्याला, निधन वार्ता म्हाताऱ्यांना, फुटबॉल पोरांना, आणि तुम्ही उशिरा गेला तर तुमच्या वाट्याला टेंडर नोटिसा. एक आजोबा रोज शब्दकोडं पेनानं सोडवतात, चुकलं तरी खोडत नाहीत, त्यावरच दुसरं अक्षर गिरवतात. त्यामुळं पूर्ण बातमी कुणालाच मिळत नाही, प्रत्येकाकडं एकेक तुकडा, आणि मग तो तुकडा मोठ्यानं वाचायचा आणि बाकीच्यांनी त्यात भर घालायची. मामांची एक सवय आहे, बोलायला लागले की हात थांबतो. वस्तरा हवेत, तोंड चालू. तोवर तुमच्या गालावरचा फेस वाळतोय. वाळला की परत ब्रश, परत फेस. म्हणून बातमी किती मोठी हे मी फेस कितीदा वाळला यावरनं ठरवतो. बजेटला आजवर एकदापण वाळलेला नाही.

गेल्या वर्षी २०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये तर माझ्या गालाची साल निघायची वेळ आली होती. नांदणीच्या मठातली हत्तीण, महादेवी म्हणा माधुरी म्हणा, कोर्टाच्या निकालानं जामनगरला अंबानींच्या वनतारा प्राणी केंद्रात नेली तेव्हा पहिल्या रविवारी फेस दोनदा वाळला. दोनदा! बाकड्यावर सात माणसं आणि सातीजण रडवेली. त्यातला एकजण नांदणीचा पाव्हणा, तो सांगत होता हत्तीण गाडीत चढवली तेव्हा बायका कशा रडत होत्या. शिरोळ तालुक्यातनं लोक चालत कोल्हापूरला कलेक्टर ऑफिसवर आले. आणि मोबाईलची कार्डं पोर्ट करायची लाटच आली, कुठलं कार्ड ते सांगायची गरज नाही, मीपण केलं, तिथंच दुकानाच्या पायरीवर बसून. पण त्याच गर्दीत कोपऱ्यातला एक पोरगा, जनावरांच्या दवाखान्यात कामाला आहे, तो हळूच म्हणाला, "पण तिच्या पायाची नखं खराब झालीती असं रिपोर्टमधी हाय की वो. सिमेंटवर उभी असायची." सगळे गप. त्याला कुणी शिवी दिली नाही, कुणी हो पण म्हटलं नाही. मामांनी वस्तरा पुसला आणि एवढंच म्हणाले, "माया केली म्हंजे सगळं कळतंयच असं न्हाई." आणि माझ्या हनुवटीवर परत फेस लावला. ही अशी दोन मिनिटं मला दुसऱ्या कुठं मिळत नाहीत. घरात नाही, कंपनीत नाही, मोबाईलवर तर अजिबात नाही.

सर्किट बेंचला, म्हणजे मुंबई हायकोर्ट आपल्या कोल्हापुरात बसायला लागलं त्या बातमीला, एकदा वाळला. १७ ऑगस्टला उद्घाटन, दुसऱ्या दिवशीपासनं काम सुरू, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग असे सहा जिल्हे त्यात. मला वाटलं आपल्याला काय त्याचं, आपण कुठं हायकोर्टात जातोय. पण बाकड्यावर बसलेल्या एका काकांची जमिनीची केस आहे, वडिलांच्या वेळची. ते म्हणाले रात्री महालक्ष्मी एक्सप्रेस धरायची, सकाळी मुंबईत उतरायचं, स्टेशनवर तोंड धुवायचं, कोर्टात बसायचं, तारीख घ्यायची, रात्री परत तीच गाडी. "वकिलाची फी परवडली, मुंबईतलं जेवान न्हाई परवडलं." आता इथंच सीपीआर दवाखान्याच्या समोर जायचं, दुपारच्या जेवणाला घरी. आंदोलनं किती वर्षं चालली, वकील किती वेळा बसले, हे सगळं मी पेपरात वाचलं होतं, पण हायकोर्ट लांब असतं म्हणजे काय असतं ते मला त्या तोंड धुण्यावरनं कळलं.

चपलीचं तर विचारूच नका. जूनमध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडानं आपल्यासारखी चप्पल दाखवली आणि कोल्हापूरचं नाव सुरुवातीला घेतलंच नाही, तेव्हा सगळ्या गावाला झोंबलं. चपलीला २०१९ ला जीआय, म्हणजे त्या भागाच्या नावाचा सरकारी शिक्का, मिळालाय, महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकचे चार जिल्हे धरून, हे पहिल्यांदा मला तिथंच कळलं, म्हणजे चप्पल फक्त आपली नाही, बेळगाव-धारवाडचीपण आहे, हे ऐकून दोघंतिघं नाराज झाले. मामा फार तावात होते. "आमच्या बाच्या पायात करकर वाजायची, तवा कोण इचारलं न्हाई." मी खाली बघितलं, मामांच्या पायात रबरी स्लीपर. माझ्यापण. पुढं डिसेंबरात बातमी आली की प्राडावाले दोन हजार जोड इकडंच बनवून घेणार आणि किंमत ८०० युरोच्या आसपास, तोवर मात्र दुकानाचा नूर बदलला होता, ते खाली सांगतो.

जीएसटीचा एक किस्सा सांगतो आणि पुढं जातो. २२ सप्टेंबरला सलूनचा जीएसटी १८ वरनं ५ टक्के झाला. त्या आठवड्यात येईल तो गिऱ्हाईक, "मामा, दर कमी केला का नाही?" मामा पहिले दोन दिवस समजावत होते की अरे बाबा एवढ्याशा दुकानाला जीएसटी नसतोच, मी कधी लावलाच न्हाई तर कमी काय करू. तिसऱ्या दिवशी वैतागून पोराकडनं वहीच्या पानावर लिहून घेतलं आणि आरशाला चिकटवलं : 'येथे आधीपासून ० टक्के.' अजून तिथंच आहे. आरशाच्या दुसऱ्या कोपऱ्यात पावसाळ्यात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी साबणानं लिहिलेली असते, ३९ फूट इशारा, ४३ धोका, हे आमच्याकडं बारक्या पोरालापण पाठ. एक फूट वाढलं की बोटानं पुसायचं आणि नवीन आकडा. २०१९ आणि २०२१ चा पूर बघितलेल्या माणसाला त्या साबणाच्या आकड्याइतकी भीती दुसऱ्या कशाची वाटत नाही.

एक गोष्ट मात्र मनाला लागलेली. ऑगस्टमध्ये अमेरिकेनं आपल्या मालावर ५० टक्के टॅरिफ लावला तेव्हा मी रविवारी मुद्दाम विषय काढला. मी उद्यमनगरात मशीन शॉपला आहे, आम्ही ज्यांच्यासाठी जॉब करतो त्यांचं कास्टिंग बाहेर जातं, त्या महिन्यात आमचा ओव्हरटाइम बंद झाला, हातात येणारा पगार सरळ कमी. बाकड्यावर सगळे "हं हं" म्हणाले आणि परत हत्तीणीवर गेले. फेस वाळला नाही. बारा मिनिटांत दाढी होऊन बाहेर. राग आला होता मला खरं तर, पण नंतर विचार केला की काकांच्या महालक्ष्मी एक्सप्रेसबद्दल मी तरी कधी विचारलं होतं.

आता तक्रार. दिवाळीत पोरानं ४३ इंची टीव्ही बसवला. त्याचं म्हणणं बरोबर आहे, नवीन गिऱ्हाईक पाहिजे, नंबर लागेस्तोवर लोकांना काहीतरी बघायला पाहिजे. मॅच लावला असता तर मी काय बोललो नसतो. पण सकाळपासनं न्यूज चॅनेल. लाल पट्टी, पिवळी पट्टी, चार चौकोनात चार माणसं, आणि मध्येच ढुम्म करून आवाज, काय तर म्हणे मोठी बातमी. मोठी बातमी काय, कुठलातरी नेता गाडीतनं उतरला. मग तोच नेता परत उतरला. अर्ध्या तासात मी त्याला अकरा वेळा उतरताना बघितलाय. पेपर अजून येतो, पण तो घडी न मोडता बाकड्यावर पडून असतो, शब्दकोड्यावाले आजोबा तेवढे कोडं सोडवतात आणि ठेवून देतात. कोण कुणाला काय वाचून दाखवत नाही. सगळे वर माना करून बसल्यात. मामापण बोलायचे बंद झाले, हात थांबत नाही, आता दाढी बरोब्बर बारा मिनिटांत होते. फास्ट सर्व्हिस. त्यात एकदा टीव्हीकडं बघता बघता हनुवटीला कापलं, वीस वर्षांत पहिल्यांदा. मामांनी तुरटी दाबून धरली आणि त्यांचाच चेहरा असा पडला की मीच म्हटलं, "असू दे मामा, काय न्हाई झालं."

टीव्ही आल्यापासनं माझा फेस एकदाच वाळला आणि तोपण बातमीमुळं नाही. मामींच्या लाडक्या बहिणीचं ई-केवायसी राहिलं होतं, मामींचं आधार झालं की मामांचं आधार, प्रत्येकाला वेगळा ओटीपी, आणि दुकानात रेंज येत नाही. पोरगा फेशियलमध्ये अडकलेला. मग मी गळ्यात कापड, दोन्ही गालाला फेस, असा रस्त्यावर मधोमध मोबाईल वर धरून उभा. "आला का?" "न्हाई." "आता?" मागनं केएमटीची बस हॉर्न मारायलीय. शेजारची वहिनी कठड्यावरनं बघून आत गेली आणि सासूला घेऊन बाहेर आली. शेवटी ओटीपी आला, आकडे ओरडून सांगितले, अख्ख्या गल्लीनं ऐकले. सायबर सेलवाल्यांनी वाचू नये.

आणि महापालिकेची निवडणूक! २०१५ नंतर पहिली. २०२० च्या नोव्हेंबरपासनं प्रशासक होता, नगरसेवक म्हणजे काय असतो हेच शाळेतल्या पोरांना म्हाईत नाही. त्यात आता एका माणसानं चार मतं द्यायची, चार बटणं दाबायची, ते एका आजींना समजावताना मामांचा अर्धा दिवस गेला. मामांच्या दुकानात सगळ्या पार्ट्यांची माणसं दाढीला येतात आणि मामा कुणाला मत देतात हे वीस वर्षांत कुणाला कळलेलं नाही. नवीन वर्षाची कॅलेंडरं तीन इच्छुकांनी आणून दिलेली, मामांनी तिन्ही एकाच खिळ्याला लावली. मी स्वतः बघितलंय, दारात ज्याची माणसं दिसतील त्याचं कॅलेंडर वर. पंखा बंद करायच्या निमित्तानं उठायचं आणि जाता जाता पान पलटल्यासारखं करायचं. हे एवढं सफाईनं की पाच स्टारमध्ये अर्धा स्टार त्याचापण धरावा.

१६ जानेवारीला निकाल. मी मुद्दाम हाफ डे टाकून गेलतो, म्हटलं आज तरी फेस वाळणार. गेलो तर टीव्हीवर मुंबई. मग पुणे. मग परत मुंबई. आपल्या गावात मोजणी चालू आहे, बाहेर गुलाल उडायलाय, हलगी ऐकू यायलीय, आणि आम्ही नऊजण मान वर करून मुंबईत कोण पुढं ते बघतोय, जिथं आमच्यातल्या एकाचंपण मत नाही. कोल्हापूर खालच्या पट्टीत आलं आणि वाचेस्तोवर सरकून गेलं. आमच्या प्रभागाचा निकाल आम्हाला कळला तो पोराच्या व्हॉट्सॲपवर, आणि तोवर जिंकलेल्याची मिरवणूक दारातनं निघून पण गेली होती. मामांना कॅलेंडर वर करायलापण वेळ मिळाला नाही.

मी पोराला म्हटलंपण, "बाळा, आवाज तरी बंद कर." तो म्हणाला, "काका, आवाज बंद केला की लोक टीव्ही बिघडला का विचारतात."

तर स्टार चार. दाढी, तुरटी, मालिश, स्वच्छता, ब्लेड दरवेळी समोर नवीन फोडतात, त्यात काय खोट नाही. एक कापला तो टीव्हीचा. जाणाऱ्यांसाठी एवढंच, सोमवारी बंद, रविवारी आठच्या आत जावा, सुट्टे पैसे न्या, स्कॅनर आहे पण वर लिहिलंय तसं रेंज नाही. आणि नंबर आला की दाराजवळच्या खुर्चीवर बसू नका, आतल्या बाजूच्या बसा. तिथनं टीव्ही फक्त आरशात दिसतो, उलटा, त्यामुळं पट्टी कितीपण लाल असली तरी वाचता येत नाही. आणि पेपर तिथंच उजव्या हाताला असतो, शब्दकोडं सोडलं तर कोरा.