नेपल्सला जहाज एक दिवस थांबतंय: पाँपेई, हर्क्युलेनियम की शहरच?

पाँपेई आणि हर्क्युलेनियम ही नेपल्सजवळची, इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात गाडली गेलेली रोमन शहरं. सकाळी आठला लागून संध्याकाळी सहाला सुटणारं क्रूझ जहाज कागदावर दहा तास देतं. हातात येतात सात-सव्वासात. गँगवे (उतरायचा पूल) उघडून सगळे उतरेपर्यंत पाऊण तास जातो आणि सुटण्याच्या किमान अर्धा तास आधी परत चढावं लागतं. स्वतःचं स्वतः फिरणाऱ्याने याशिवाय दीड तास राखीव ठेवायचा. जहाजाच्या अधिकृत सहलीची बस अडकली तर जहाज थांबतं, तुमची लोकल अडकली तर थांबत नाही. मग पुढच्या बंदरापर्यंतचा प्रवास आपल्या खर्चाने.

तरीही स्वतः फिरायला नेपल्ससारखं बंदर भूमध्य समुद्रात क्वचितच मिळेल. रोमसाठी जहाज चिविटावेक्कियाला लागतं, तिथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर. नेपल्सला मात्र टर्मिनलच्या दारातून बाहेर पडलं की समोर कास्तेल नुओव्हो किल्ला आणि रस्त्यापलीकडे मुनिचिपिओ मेट्रो स्टेशन. सहलीचे पैसे वाचवायचे असतील तर ते इथे वाचवा.

पाँपेई: नाव मोठं, दिवसही मोठा लागतो

मुनिचिपिओहून मेट्रोच्या लाइन १ ने तिसरं स्टेशन गारिबाल्दी. तिथे खालच्या मजल्यावरून चिर्कुमवेसुवियाना ही जुन्या डब्यांची लोकल सुटते. पाँपेईला ३५-४० मिनिटं लागतात. सर्वात जास्त लोक चुकतात ते इथे. गाडी *सोरेंतो*ची हवी, आणि उतरायचं *पोंपेई स्कावी–विला देई मिस्तेरी*ला. पोज्जोमारिनोकडे जाणाऱ्या दुसऱ्या एका मार्गावर *पोंपेई सांतुआरिओ* नावाचं स्टेशन आहे. नाव पाहून उतरलात तर गावाच्या दुसऱ्या बाजूला निघता. फलकावर फक्त ‘पोंपेई’ शोधू नका, गाडीचं शेवटचं स्टेशन वाचा.

गर्दी आपल्या लोकलसारखीच असते आणि खिसेकापू त्याच मार्गावर असतात. पाकीट पुढच्या खिशात, सॅक पोटावर. बसायला जागा हवी असेल तर एक स्टेशन मागे, पोर्ता नोलानाहून चढा, गाडी तिथूनच सुटते. बंदरावरून ते चालत वीस-पंचवीस मिनिटांवर आहे. हंगामात कांपानिया एक्स्प्रेस ही पर्यटकांची एसी गाडीही असते. तिकीट महाग आणि फेऱ्या मोजक्या, पण वयस्कर मंडळी सोबत असतील तर तेवढे पैसे जरूर द्यावेत.

आत शिरायला साडेदहा होतात. तिकीट आधीच ऑनलाइन काढलेलं असावं. नोव्हेंबर २०२४ पासून दिवसाला २०,००० लोकांची मर्यादा आहे आणि तिकिटावर नाव असतं, म्हणून ओळखपत्र लागतं. विला देई मिस्तेरी हा भित्तिचित्रांचा बंगला पाहायचा असेल तर साधं तिकीट चालत नाही, ‘पाँपेई प्लस’ घ्यावं लागतं. ३०×३०×१५ सेंटिमीटरपेक्षा मोठी बॅग आत नेता येत नाही. ती पोर्ता मारिनाच्या दाराशी ठेवली तर घ्यायलाही तिथेच यावं लागतं.

सगळं शहर सुमारे ६६ हेक्टरांचं आहे, त्यातला दोन-तृतीयांश भाग उकरलेला. तीन तासांत पूर्ण होत नाही, तो हट्ट धरू नये. फोरम (शहराचा मुख्य चौक), स्नानगृहं, वेत्तींचं घर (दीर्घ डागडुजीनंतर २०२३ ला उघडलेलं) आणि विया देल्लाब्बोंदान्त्सा हा लांबलचक रस्ता, एवढं नीट पाहावं. रस्त्यात मधोमध उंच दगड रांगेने बसवलेले दिसतील. पावसाळी घाणपाण्यात पाय न भिजवता पलीकडे जाण्यासाठी ते आहेत, आणि दोन दगडांमधली फट बैलगाडीच्या चाकाच्या मापाची. खाली वाकून पाहिलं तर चाकांनी पाडलेल्या चाकोऱ्या बोटाने चाचपता येतात. हे पाहायला दोन मिनिटं थांबलेला माणूस चार घरं जास्त पाहणाऱ्यापेक्षा जास्त घेऊन जातो.

सावली जवळजवळ नाही. दगड गुळगुळीत आणि खाचखळग्यांचे, म्हणून चप्पल नको. पिण्याच्या पाण्याचे नळ आत आहेत, बाटली न्या. दुपारी दीड-दोनला निघा, काही झालं तरी अडीचच्या पुढे थांबू नका.

हर्क्युलेनियम: लहान, पण जास्त जिवंत

गाडी तीच. *एर्कोलानो स्कावी*ला वीस मिनिटांत उतरता आणि उतारावरून दहा मिनिटं चालत गेलं की दार. इ.स. ७९ च्या त्याच उद्रेकात पाँपेईवर राख आणि ज्वालामुखी खडे पडले, पण इथे तप्त वायू-राखेच्या लोटांनी सारं शहर काही मीटर नव्हे, वीस मीटरच्या आसपास गाडलं. त्या उष्णतेत लाकूड जळून खाक न होता कोळसा होऊन टिकलं. म्हणून वरचे मजले, तुळया, पलंग, सरकतं लाकडी पार्टिशन, असं पाँपेईत न मिळणारं इथे जागेवर दिसतं. खाली, जुन्या किनाऱ्यालगतच्या कमानींत आसरा घेतलेल्या सुमारे ३०० माणसांचे सांगाडे सापडले. मुलं बरोबर असतील तर त्यांना आधी सांगून ठेवा.

दोन तास पुरतात. तिकीट पाँपेईपेक्षा थोडं स्वस्त, रांग बहुधा छोटी.

शहर आणि संग्रहालय

राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालय लाइन १ वर, मुनिचिपिओहून तिसऱ्याच स्टेशनवर, म्युझेओ. पाँपेईच्या भिंतींवरची उत्तमोत्तम चित्रं आणि मोझॅक तिथून काढून इथे आणलेली आहेत, त्यामुळे फक्त पाँपेई पाहून परतणाऱ्याने पाँपेईचा अर्धा ठेवा पाहिलेलाच नसतो.

आणि इथे आपल्या घरचं काही आहे. १९३८ साली पाँपेईच्या विया देल्लाब्बोंदान्त्सावरच्या एका घरात हस्तिदंताची सुमारे २५ सेंटिमीटर उंचीची स्त्रीमूर्ती सापडली. ‘पाँपेईची लक्ष्मी’ म्हणून ती ओळखली जाते. पुढे अभ्यासकांना ती यक्षी वाटू लागली, आणि तिची शैली भोकरदन (जिल्हा जालना) आणि तेर (जिल्हा धाराशिव) इथल्या हस्तिदंती मूर्तींशी जुळते असं मत मांडलं गेलं. मराठवाड्यातून व्यापारी मार्गाने निघालेली वस्तू इसवी सनाच्या पहिल्या शतकात व्हेसुव्हियसखाली गाडली गेली असावी, ही कल्पनाच अंगावर काटा आणते. ती संग्रहालयाच्या ‘गुप्त कक्षा’त, म्हणजे कामुक कलावस्तूंच्या दालनात असते. तो कक्ष कधी बंद असतो, मूर्ती कधी बाहेरच्या प्रदर्शनाला गेलेली असते, म्हणून तिकीट काढतानाच विचारा.

मंगळवारी संग्रहालय बंद असतं. ‘व्हेल्ड क्राइस्ट’ (पातळ वस्त्राखालचा येशू) हे १७५३ चं संगमरवरी नवल असलेलं सांसेव्हेरो चॅपलही मंगळवारीच बंद, इतर दिवशी ऑनलाइन आगाऊ वेळ घेतल्याशिवाय आशा धरू नये. जहाज मंगळवारी लागत असेल तर उत्खननं निवडा. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी स्थळं फुकट असतात आणि गर्दीही तशीच असते.

कोणी काय निवडावं

पाँपेई हेच आयुष्यभराचं स्वप्न असेल आणि जहाज संध्याकाळी सहानंतर सुटत असेल, तर पाँपेई. बाकीच्यांना आमचा कौल हर्क्युलेनियम अधिक संग्रहालय. दहा ते बारा उत्खनन, एक ते तीन संग्रहालय, म्हणजे साडेतीनला बंदरात. यातली खरी किफायत वेळेची नाही, सुरक्षिततेची आहे: दुपारनंतर तुम्ही शहरातच असता, म्हणून संप (इटलीत तो नेहमीचा असतो, गाड्या मग ठरावीक वेळांतच धावतात) झाला तरी जहाजाकडे चालत येता येतं. शेवटचा तास एकाच गाडीवर टांगलेला नसावा. पाँपेईला गेलात तर टॅक्सीसाठी शंभर युरो वेगळे ठेवा.

काप्री बेटाची जलद बोट टर्मिनलच्या शेजारूनच सुटते, पन्नास मिनिटांत पोहोचते. वारा सुटला तर मात्र परतीची फेरी रद्द होते. समुद्र शांत नसेल तर जाऊ नये.

उतरताना जहाजाचं कार्ड, पासपोर्टची प्रत (मूळ जहाजाने ठेवून घेतला असेल तर रिसेप्शनवरून मागून घ्या) आणि बंदर एजंटचा नंबर जवळ हवा. मार्गात ट्युनिशिया किंवा तुर्कस्तान असेल तर शेंगेन व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचाच लागतो. घड्याळ जहाजाच्या वेळेला लावा, आणि जहाजावर असेपर्यंत फोन विमान मोडवर, नाहीतर समुद्री रोमिंगचं बिल येतं.

शाकाहारींनी मार्गेरिता किंवा मारिनारा पिझ्झा खावा, मारिनारात चीजही नसतं. तळलेल्या पिझ्झात बहुतेकदा डुकराच्या चरबीचे तुकडे असतात. मिरीवाले तारल्ली (कडक, खुसखुशीत कडी) चरबी घालूनच करतात, आणि पापुद्र्याच्या स्फोल्यातेल्लाच्या पारंपरिक कणकेतही ती असते. दुकानात ‘सेन्त्सा स्त्रुत्तो?’ म्हणजे चरबीशिवाय आहे का, एवढं विचारलं तरी पुरतं.