धुळ्याजवळची शिल्पशाळा: ब्राँझचा अर्धपुतळा करून घ्यायचा असेल तर

गोंदूरच्या शिल्पकार राम सुतारांचा जिल्हा म्हटल्यावर अपेक्षा वाढतातच, आणि इथलं काम त्या पेलतं. या शाळेचे शिल्पकार जुन्या वळणाचे: आधी कवटीची मापं, मग चेहरा. परंपरा म्हणजे नक्कल नव्हे, हाताची शिस्त, असं त्यांचं ठाम मत. सुतारांनीही तरुणपणी अजिंठा-वेरूळच्या शिल्पांच्या डागडुजीचं काम केलं होतं, याची ते आवर्जून आठवण देतात.

फेटेवाल्या शेतकऱ्याच्या पुतळ्यात हे दिसतं. खालची पापणी किंचित जाड ठेवल्याने डोळ्याखाली खरी सावली पडते. उपरण्याच्या चुण्या मात्र फार गुळगुळीत झाल्यात. तिथे कापड वाटत नाही.

मातीचं मॉडेल तयार झालं की घरच्यांना बोलवतात. बदल सांगायचे ते तेव्हाच, साचा निघाल्यावर नाही. फोटो समोरून, दोन्ही बाजूंनी आणि पाऊण कोनातून द्या. एकाच फोटोवरून नाक हमखास चुकतं. त्या साच्यातून पुतळ्याची मेणाची प्रत काढतात, तिच्याभोवती दुसरा साचा करून मेण वितळवतात आणि त्या पोकळीत ब्राँझ ओततात. मेणाचा थर साधारण पाच मिलिमीटर. खानदेशच्या मे महिन्यात मेण मऊ पडून कान, ओठ सरकतात, म्हणून ऑर्डर दिवाळीनंतर द्यावी. हा दुसरा साचा पुरता भाजला नाही तर उरलेल्या ओलाव्याची वाफ होऊन ब्राँझमध्ये छिद्रं पडतात. ती नुसत्या लांबीने (पुट्टीने) बुजवलेली नाहीत ना, हे पॉलिशआधी बघून घ्या. इथे ती वेल्डिंगने भरून छिन्नीने घासतात. दर फायबरच्या कितीतरी पट, पण उघड्या चौकात ब्राँझच लावा.