फ्युजनचं घरगुती लायसन्स, आठ महिन्यांनी: हवेत रांगणारं टूल

फ्युजन म्हणजे ऑटोडेस्कचं डिझाइन करायचं आणि टूलचा मार्ग आखायचं सॉफ्टवेअर. त्याच्या पर्सनल लायसन्सच्या अटी घरी सीएनसी राउटर (कॉम्प्युटरच्या हुकमाने कापणारं मशीन) असलेल्यांना पाठ असतात: पैसे शून्य, एका वेळी १० फाइली एडिटेबल, या कामातून वर्षाची कमाई १,००० डॉलरच्या आत. त्यामुळे थेट दुखण्यावर येतो. दुखणं म्हणजे जी०, टूलला हवेतून पूर्ण वेगाने, म्हणजे रॅपिडने, नेणारा हुकूम.

२०२०च्या ऑक्टोबरपासून या लायसन्समध्ये रॅपिड नाही. टूल कापत असो की एका खिशातून (कोरायच्या खळग्यातून) दुसऱ्या खिशाकडे हवेतून जात असो, चाल एकच, फीडची, म्हणजे कापायच्या वेगाची. पोस्ट केलेल्या, म्हणजे मशीनसाठी काढलेल्या, फाइलच्या वरच्या ओळींत कंसात तसं लिहिलेलंही असतं, पण कंसातलं मशीन वाचत नाही आणि माणूसही वाचत नाही. मग राग निघतो जीआरबीएलवर, म्हणजे मशीनच्या कंट्रोलरमधल्या प्रोग्रामवर. त्यातले $११० आणि $१११ हे आकडे वाढवले जातात, टूल तसंच रांगतं, आणखी वाढवले जातात. हे आकडे म्हणजे एक्स आणि वायच्या वेगाची कमाल मर्यादा. जी० त्या मर्यादेने धावतो, जी१ (कापायची चाल) मात्र एफच्या, म्हणजे फीडच्या, आकड्यानेच चालतो. फाइलमध्ये जी० नाहीच, तर मर्यादा वाढवून उपयोग काय? उलट पुढे जॉग करताना (बटणाने टूल सरकवताना) मोटर स्टेप सोडते आणि मोटर-स्क्रू जोडणाऱ्या बिचाऱ्या कपलिंगवर आळ येतो.

किती वेळ जातो, ते मांडून बघा. इतवारीतून आणलेल्या ६ मिमी अ‍ॅल्युमिनियमच्या प्लेटवर हवेतला एकूण प्रवास ६ मीटर धरा. मशीनची रॅपिड मिनिटाला २,००० मिमी असेल तर ३ मिनिटं. फीड ४०० असेल तर तोच प्रवास १५ मिनिटांचा. वरची १२ मिनिटं स्पिंडल नुसतं हवेत घरघरतं. बरं, मे महिन्यात नागपुरात दुपारी लाइट केव्हा जाईल याचा नेम नाही. लाइट गेली की जीआरबीएल जागा विसरतो, आणि लिमिट स्विच (मशीनला टोक कळवणारी बटणं) नसतील तर कड पुन्हा शोधत बसा. हवेतलं प्रत्येक मिनिट म्हणजे त्या जुगारातलं एक जास्तीचं मिनिट.

आता उपाय. सगळे सांगतात की हाइट्समध्ये जाऊन रिट्रॅक्ट (टूल वर उचलायची उंची) ५ मिमीचा २ करा. करून बघितलं. ६० वेळा टूल उचललं जात असेल तर वर-खाली मिळून ३६० मिमी वाचतात, म्हणजे ४०० च्या फीडला मिनिटही नाही. त्या मिनिटापायी क्लॅम्पचा बोल्ट प्लेटच्या वर आलेला असला की टूल तुटलंच म्हणून समजा. खरा फरक लिंकिंग आणि पासेसच्या टॅबमध्ये पडतो. अ‍ॅडॅप्टिव्हमध्ये (आतला माल काढायच्या टूलपाथमध्ये) स्टे-डाउन लेव्हल शेवटपर्यंत ढकला आणि स्टे-डाउनचं अंतर वाढवा, म्हणजे टूल मोकळ्या झालेल्या जागेतूनच सरकतं. कंटूरमध्ये (कडेने कापायच्या टूलपाथमध्ये) मल्टिपल डेप्थ्स, म्हणजे थराथराने कापणं, चालू असेल तर ऑर्डर बाय डेप्थची खूण काढा. ती असली तर टूल दहा खिशांचा पहिला थर कापतं, मग दहांचा दुसरा, आणि दर थराला पूर्ण प्लेटची परिक्रमा. खूण काढली की एक खिसा तळापर्यंत संपवूनच पुढे जातं.

तिसरा उपाय स्क्रिप्टचा, म्हणजे पोस्ट केलेल्या फाइलमधले वरच्या उंचीवरचे जी१ बदलून जी० करणाऱ्या छोट्या प्रोग्रामचा. वापरा, पण डोळे उघडे ठेवून. जी० मोडल आहे, एकदा लिहिला की दुसरा शब्द येईपर्यंत लागू राहतो. स्क्रिप्टने पुढच्या कापायच्या ओळीवर जी१ आणि एफ परत लिहिले नाहीत, तर टूल रॅपिडनेच धातूत घुसतं. बदललेली फाइल आधी सिम्युलेटरमध्ये बघा, मग झेड २० मिमी वर ठेवून हवेत चालवा.

आता माघार घेतो, राजेहो. वरचा सगळा संताप अ‍ॅल्युमिनियमपुरता खरा आहे. एमडीएफवर फीड १,५०० असेल तर तेच ६ मीटर ३ ऐवजी ४ मिनिटांत होतात. ३०१८ नावाच्या छोट्या मशीनची रॅपिडच १,००० च्या आसपास, लाकडावरचं फीड ८००, म्हणजे फरक दीड मिनिटाचा. एवढ्यासाठी इतकी चिडचिड? टूल बदलायच्या अटीचंही तसंच: दर टूलची फाइल वेगळी पोस्ट करावी लागते. घरच्या मशीनवर बिट हातानेच बदलायचं आणि झेड पुन्हा शून्य करायचं, त्यामुळे नुकसान शून्य. फाइलींच्या नावाआधी १, २, ३ टाका, बस्स.

१० फाइलींचा लोक उगाच बाऊ करतात. जुन्या फाइली रीड-ओन्ली करून ठेवायच्या, लागली तर परत एडिटेबल करायची. प्रत्येक नट-बोल्टची वेगळी फाइल न करता सगळे कंपोनंट एकाच फाइलीत ठेवले की झालं.

कमाईची अट मात्र हलक्यात घेऊ नका. हिंगणा एमआयडीसीतून "भाऊ, चार नेमप्लेट करून दे ना" असा निरोप आला की हिशेब सुरू होतो. १,००० डॉलर म्हणजे महिन्याला सात-साडेसात हजार रुपये. नियमित जॉबवर्क करणाऱ्याला हे लायसन्स नाहीच.

बाकीच्या फुकट सॉफ्टवेअरबद्दल थोडक्यात. सॉलिड एज कम्युनिटी फुकट आहे, पण ड्रॉइंगवर वॉटरमार्क येतो आणि फाइल कंपनीतल्या विकतच्या आवृत्तीत उघडत नाही. ऑनशेपच्या फुकट खात्यातलं डिझाइन सगळ्या जगाला दिसतं. फ्रीकॅड १.० नोव्हेंबर २०२४ मध्ये आलं. तिथे जी० शाबूत आहे आणि कमाईची अटही नाही, पण स्केच काढताना फ्युजनची सवय असलेला हात अडखळतो.

म्हणून सध्याची सोय अशी: डिझाइन फ्युजनमध्येच. लाकूड आणि एमडीएफची कामं तिथूनच पोस्ट. अ‍ॅल्युमिनियम असलं की स्टेप फाइल (दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही उघडणारी) काढायची, ती या लायसन्समध्ये अजून मिळते, आणि टूलपाथ फ्रीकॅडमध्ये. तिथे टूल कंट्रोलरमध्ये हॉरिझाँटल आणि व्हर्टिकल रॅपिडचे आकडे भरायला विसरू नका. ते रिकामे राहिले तर कामाला लागणाऱ्या वेळेचा अंदाज चुकतो.