हातखंब्याजवळचा (रत्नागिरी) घरगुती आंबा स्टॉल: मेअखेरीचा माल

मे संपत आला की इथे हापूसचा भाव उतरतो, पण घेताना डोळे उघडे हवेत. एक-दोन सरी पडून गेल्या की सालीवर काळे ठिपके येतात आणि फळमाशी लागते. देठाजवळ बोट दाबून पाहा. मऊ, पाणथळ लागलं तर आत अळी असण्याची शक्यता. साका, म्हणजे गर आतून पांढरट, स्पंजासारखा होणं, मात्र बाहेरून दिसत नाही, म्हणून पेटी घेण्याआधी एक फळ कापून मागा. इथे कुरकुर न करता कापतात. आता रसासाठी पायरी किंवा रायवळच (गावठी आंबा) घ्यावा; हापूस दोन दिवसांत संपणार असेल तेवढाच.

नवीन मालात यंदाचं आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, सर्वांत सरस. नुसतं कोकम आणि मीठ, साखर नाही. सोलकढीसाठी वाटीभर नारळाच्या दुधाला दोन चमचे पुरतात, वरून मीठ घालू नका. अमृत कोकम (साखर घातलेलं सरबताचं कोकम) ठीक, पण गोडमिट्ट.

आमसुलं काळपट, लवचीक आहेत. फणसपोळी बरक्या (मऊ गराच्या) फणसाची, धागे नीट गाळलेली.

आंबापोळीत घोळ आहे. शेवटच्या घाण्याला ऊन कमी मिळालेलं: घडी घातली की पदर एकमेकांना चिकटतात, कडेला ओल जाणवते. अशी पोळी पावसाळ्यात बुरशी धरते. एप्रिलची शिल्लक आहे का विचारा. ती आतल्या डब्यात असते.

पिशवी घरून न्या, इथली कागदी पिशवी पेटीभर आंब्याखाली टिकत नाही.