अँबेसेडरच्या हेडलाइटला रिले किट: घ्यावं, पण जसंच्या तसं लावू नये

बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर रात्री रावेर ते चोपडा जुनी अँबेसेडर चालवली की तिच्या हेडलाइटची लायकी कळते. समोरून केळीचा ट्रक, डाव्या कडेला टेललाइट नसलेली कापसाची ट्रॉली, आणि आपला डिपर (जवळचा, खाली पडणारा उजेड) बोनेटपुढे थोड्याच अंतरावर पिवळा पडलेला. अशा वेळी "भो, शंभर-नव्वदचा बल्ब टाकून दे" हा सल्ला कुठल्याही गॅरेजात फुकट मिळतो. त्याचं पुढे काय होतं ते खाली आहेच. हा आढावा आहे सात इंची गोल हेडलाइटसाठी तयार मिळणाऱ्या दोन रिलेच्या (रिले म्हणजे थोड्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) वायरिंग किटचा, आणि त्यासोबत घ्याव्या लागणाऱ्या काच-बल्बचा. हेडलाइट सात इंचीच असलेल्या जुन्या महिंद्रा जीपलाही हेच सगळं लागू आहे.

किट का लागतं ते आधी. मूळ वायरिंगमध्ये हेडलाइटचा सगळा करंट बॅटरीपासून डॅशबोर्डवरच्या स्विचमध्ये, तिथून डिपर स्विचमध्ये (काही गाड्यांत तो पायाने दाबायचा असतो आणि सगळी माती त्याच्यावरच पडते), मग चार-पाच जोडांमधून बल्बपर्यंत येतो. स्विचचे पॉइंट काळे पडलेले, जोडांवर हिरवा गंज. गाडी चालू असताना बॅटरीवर १३.८ व्होल्ट असले, तरी बल्बपर्यंत १२ पोहोचले तर नशीब. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून कितीतरी झपाट्याने पडतो. १३.८ च्या जागी १२ व्होल्ट मिळाले की उजेड साधारण ६० टक्क्यांवर येतो. म्हणजे बल्ब चांगला आहे, पण त्याला उपाशी ठेवलंय.

किट विकत घेण्याआधी मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून हे मोजा. इंजिन चालू, अप्पर (लांबचा उजेड) चालू, बल्ब होल्डरमध्येच. लाल प्रोब बॅटरीच्या प्लसवर, काळी होल्डरच्या मागून अप्परच्या पिनला. जो आकडा येईल तेवढे व्होल्ट वाटेत गेले. मग होल्डरची अर्थ पिन ते बॅटरीचा मायनस असं मोजा. दोन्हीकडे ०.३ च्या आत असेल तर किटची गरज नाही, दोष काचेत किंवा अलाइनमेंटमध्ये शोधा. एक-दीड व्होल्ट दिसले तर पुढचं वाचा. फक्त अर्थच्या बाजूला जास्त दिसले, तर दोन फूट वायर आणि एक थिंबल (वायरच्या टोकाला लावायची धातूची रिंग) एवढ्यावर काम भागतं. बल्ब काढून मोजू नका, करंटच नसेल तर व्होल्टेज पडणार कुठून?

आता किट. जळगाव-धुळ्याच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत आणि ऑनलाइन सारख्याच दिसणाऱ्या पाकिटात मिळतं: १२ व्होल्टचे दोन रिले, एक फ्यूज होल्डर, एच-४ चे (अप्पर-डिपर एकाच बल्बमध्ये असलेल्या तीन पिनांच्या हॅलोजनचे) दोन होल्डर, जुन्या होल्डरमध्ये खोचायचा एक प्लग, अर्थसाठी दोन रिंगा. कल्पना उत्तम आहे. जुनी वायर फक्त रिलेला इशारा देते, रिलेच्या कॉइलला ०.२ अँपियरच्या आसपास लागतात. दोन्ही बल्बचे मिळून दहा अँपियर बॅटरीकडून थेट नव्या वायरने जातात. जुना स्विच त्यामुळे थंड राहतो, हा फायदा उजेडापेक्षा कमी नाही.

घोळ वायरमध्ये आहे. स्वस्त किटची वायर बाहेरून जाड दिसते, पण जाडी प्लास्टिकची असते. टोकाशी थोडं सोलून एक तार ब्लेडने खरवडा. आतून चांदीसारखी पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम आहे. ते नीट क्रिम्प होत नाही (टर्मिनलमध्ये दाबून पक्कं बसत नाही), दोन पावसाळ्यांत जोडापाशी भुगा होतं. तांबं असेल तरी साइझ बघा. २.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरमध्ये दहा अँपियरला मीटरमागे ०.०७ व्होल्ट पडतात, ०.७५ च्या वायरमध्ये ०.२३. तीन मीटरला ०.७ व्होल्ट गेले, म्हणजे ज्यासाठी किट घेतलं त्यातलं निम्मं परत गेलं. म्हणून सोपा मार्ग असा की किटमधले रिले आणि होल्डर ठेवायचे आणि बॅटरी ते रिले, रिले ते बल्ब व अर्थ या वायर २.५ च्या नव्या टाकायच्या. कुठलाही वायरमन तासाभरात करून देतो. होल्डर सिरॅमिकचे असतील तर बरं, साध्या प्लास्टिकचे वर्षाभरात पिवळे पडून ठिसूळ होतात.

दुसरी खोट फ्यूजची. बहुतेक किटमध्ये दोन्ही रिलेंना मिळून एकच फ्यूज असतो. तो कन्नड घाटात उडाला तर अप्पर-डिपर दोन्ही एकदम जातात. दोन रिलेंना १५ अँपियरचे दोन वेगळे फ्यूज द्या, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत.

जोडणी सोपी आहे. रिलेवर ३०, ८५, ८६, ८७ आकडे कोरलेले असतात. ३० ला फ्यूजमधून आलेली बॅटरीची वायर, ८७ ला बल्बकडे जाणारी, ८५ अर्थ, ८६ ला जुन्या होल्डरची वायर. वायरिंग मूळचं असेल तर लुकासच्या रंगपद्धतीप्रमाणे निळ्यावर पांढरी रेघ अप्पर, निळ्यावर लाल रेघ डिपर, काळी अर्थ. पण तीस वर्षांत गाडीला किती हात लागलेत ते कोण सांगणार, म्हणून टेस्ट लॅम्प लावूनच खात्री करा. पाच पिनचा रिले असेल तर मधली ८७-ए मोकळी सोडा. तिथे वायर गेली तर दिवे उलटे, स्विच बंद असताना पेटतात. रिले पिना खाली करून बसवा, नाहीतर पाणी आत मुरतं. भुसावळकडची राखेची धूळ पाण्याहून वाईट, तेव्हा रबर कॅप असलेलाच रिले घ्या.

डॅशवर अँमीटर असलेल्या गाड्यांसाठी एक गोष्ट. फीड (रिलेला करंट पुरवणारी वायर) बॅटरीच्या टर्मिनलवरून घेतली तर दिवे लावल्यावर काटा चार्जिंग दाखवतो, कारण दिव्यांचा करंट अँमीटरमधून बॅटरीकडे जाऊन तिथून वळतो. बॅटरी भरतेय असा गैरसमज होतो. फीड अल्टरनेटरच्या आउटपुटवरून घेतली की काटा खरं बोलतो. डायनमोवाली गाडी असेल तर जपून. लुकास सी-४० डायनमो जेमतेम २२ अँपियर देतो आणि आयडलिंगला जवळजवळ काहीच नाही. रेल्वे फाटकावर थांबलात की अप्पर बंद करा.

काच घेताना काचेवरचा बाण बघा. आपल्याकडे डाव्या बाजूने वाहतूक, त्यामुळे डिपरचा उजेड डाव्या कडेला वर चढायला हवा. युरोपीय प्रमाणाच्या अशा काचेवर, समोर उभं राहून पाहिलं तर, आपल्या उजव्या हाताकडे जाणारा बाण असतो. बाण नसलेली आयात काच स्वस्तात मिळते आणि बरोबर समोरच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत उजेड फेकते. पार्किंग बल्बचं भोक वापरायचं नसेल तर रबर बुचाने बंद करा. रिफ्लेक्टरला आतून फडकं लावू नका, चांदी फडक्यावर येते. काच बसवताना मागचा होल्डर डूमच्या (हेडलाइटमागच्या वाटीच्या) पत्र्याला टेकत नाही ना तेही बघा.

बल्ब साधा ६०/५५ वॅटचा, चांगल्या कंपनीचा. जुन्या ४५/४० च्या बल्बपेक्षा अप्परचा उजेड जवळजवळ दुप्पट आहे, पूर्ण व्होल्टेज मिळालं तर. काचेला बोट लावू नका, लागलं तर स्पिरिटने पुसा. १००/९० वॅटचे दोन बल्ब जुन्या वायरवर सोळा-सतरा अँपियर ओढतात, आधी होल्डर वितळतो, मग रिफ्लेक्टर करपतो, आणि असा बल्ब रस्त्यावर वापरायला मान्यही नाही. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये खोचायचे एलईडी बल्ब त्याहून फसवे. प्रकाशाचा बिंदू फिलामेंटच्या जागी येत नाही, भिंतीवर झगझगीत दिसतं, रस्त्यावर लांब काही पोहोचत नाही. पॉझिटिव्ह अर्थच्या (बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेल्या) जुन्या गाडीत तर ते बहुधा पेटणारच नाहीत.

शेवटचं काम फुकटचं आहे आणि तेच राहून जातं. गाडी सपाट जागी भिंतीपासून २५ फुटांवर उभी करा, हवा बरोबर, पेट्रोल अर्धी टाकी, सीटवर एक माणूस. हेडलाइटच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखा. डिपरची वरची कड त्या रेघेच्या तीन इंच खाली हवी, डावीकडे चढती. वरचा स्क्रू उंचीचा, बाजूचा आडव्या दिशेचा. काच धरणाऱ्या रिंगचे स्क्रू वेगळे असतात, ते सोडताना हे दोन फिरवू नका. मागे पानपाटे (लीफ स्प्रिंग) बसलेले असतील तर आधी ते बघा. मागून बसलेल्या गाडीत लग्नाला निघालेली पाच माणसं आणि डिकीत सामान भरलं की नाक वर होतं, आणि एवढं करून आखलेला डिपर ट्रकवाल्याला अप्परच वाटतो.